दाभोळ : पाण्याकडून वाचलेले गाव

वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या नद्या एकाच दिशेने वाहतात. अडाण आणि अरुणावती पैनगंगेला मिळतात. पैनगंगेचे पाणी वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी अशा मजला करीत बंगालच्या उपसागराला पोहोचते. काटेपूर्णा तेवढी उत्तरेकडे वळून पूर्णेत आणि पूर्णेबरोबर तापीत जाते व अखेर अरबी समुद्र गाठते. दिशा कोणतीही असो, गेलेले पाणी परत येत नाही, हा आमचा नदीविषयीचा पहिला आणि बहुधा एकमेव सिद्धान्त. उगम, ओघ, प्रवाह ही मराठीतली नदीची बहुतेक रूपके याच सिद्धान्तावर उभी आहेत. वर्गात वाङ्मयेतिहास शिकवतानाही आम्ही 'इतिहासाचा ओघ' असेच म्हणत आलो आहोत. त्यामुळे दाभोळच्या धक्क्यावर उभे राहून वाशिष्ठीचे पाणी समुद्राकडून डोंगराकडे निघालेले पाहिले, तेव्हा नदीविषयीच नव्हे, तर आमच्या एका आवडत्या शब्दाविषयीही शंका निर्माण झाली. प्रस्तुत लेखाचे निमित्त ती शंका आहे.

दिवाळीच्या सुटीतली सकाळ होती, तिथी कार्तिक शुद्ध चतुर्थी. ओहोटी नुकतीच संपत आली होती आणि नावाडी निघायला तयार नव्हते. पाणी भरू लागले की होडी आपसूक वर जाईल, आताच निघालो तर तेल जाळून पाण्याशी भांडावे लागेल, असा त्यांचा हिशेब. पूर्ण भरती किती वाजता, असे विचारले तर त्यांनी घड्याळाकडे न पाहता तीन वाजता असे सांगितले. कोकणातला हा हिशेब साधा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, येईल तो पूर्ण भरतीचा ठोकळ तास. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास बाराच्या आगेमागे भरती येते, पाणी अधिक चढते आणि अधिक उतरते, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास चढउतार मंदावतो, तो भांग. आमच्याकडे पंचांग उघडले जाते ते सणवार, मुहूर्त आणि नक्षत्रांच्या पावसासाठी. येथे तेच पंचांग वाहतुकीचे वेळापत्रक आहे. एकाच पुस्तकाचे हे दोन वाचक शेकडो वर्षे एकमेकांशेजारी नांदले आणि एकाचे वाचन दुसऱ्याला ठाऊकही नव्हते, हे आम्हांला विशेष वाटले.

होडी सुटली. उत्तर तीरावर दाभोळ, दापोली तालुक्यात; समोर दक्षिण तीरावर गुहागर तालुक्यातली धोपावे, वेलदूर आणि मुखाजवळचे अंजनवेल. दाभोळ आणि धोपावे यांच्यामध्ये २००३ पासून वाहने वाहणारी फेरीबोट चालते. पाण्यावरून दाभोळ पाहिले तर माडांची दाट रांग, तिच्या आड कौले, काठाला लागलेल्या मच्छीमारी होड्या, आणि या सर्वांच्या मध्ये एक घुमट व मिनार दिसतात. मागे लगेच डोंगर उठतो. डोंगर आणि खाडी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर गाव बसले आहे. एवढ्याशा जागेत पंधराव्या-सोळाव्या शतकांतले पश्चिम किनाऱ्यावरचे एक मोठे बंदर होते, यावर दृष्टी सहजासहजी विश्वास ठेवीत नाही.

आणि तरीही ते होते. बहमनी राज्याचा प्रसिद्ध वजीर महमूद गावान हा इराणातून व्यापारी म्हणून हिंदुस्थानात आला, तो १४५३ मध्ये दाभोळलाच उतरला. रशियन प्रवासी अफनासी निकितिन १४७०च्या दशकाच्या आरंभी मायदेशी परतण्यासाठी जहाजात चढला, तेही येथेच. निकितिनच्या वर्णनात दाभोळ हे फार मोठे बंदर आहे; तेथे अरबस्तान, खुरासान आदी प्रदेशांतून घोडे येतात आणि तेथून बिदर व गुलबर्ग्याला पायी महिनाभर लागतो. हा महिनाभराचा पायी प्रवास लक्षात घेतला की दाभोळचे मर्म कळते. दख्खनच्या राजधान्या समुद्रापासून दूर होत्या, आणि घोडा ही त्यांच्या लष्कराची प्राणवस्तू समुद्रमार्गे येत होती. मध्ये सह्याद्री. भरतीच्या पाण्याबरोबर माल वाशिष्ठीतून चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत चढत असे आणि तेथून कुंभार्ली घाटाने कऱ्हाडकडे, देशावर जाई. म्हणजे दाभोळ हे समुद्रकाठचे गाव असले तरी त्याचे महत्त्व समुद्रकाठाचे नव्हते. एका रस्त्याच्या तोंडाशी ते बसलेले होते. तो रस्ता पाण्याचा होता, दिवसातून दोनदा उघडत होता, आणि त्याची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकत होती.

असा रस्ता इतिहासाच्या साधनांत कसा सापडावयाचा? येथे आम्हांला आमच्या गावाची आठवण झाली. वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुषाचा साहित्यविद्यावधूशी विवाह लावला तो याच नगरात, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. परंतु या शाखेच्या इतिहासाला भक्कम आधार मिळाला, तो १९३९ मध्ये द्वितीय विंध्यशक्तीचा वाशीम ताम्रपट प्रकाशात आला तेव्हा. ताम्रपट हे दानपत्र असते. कोणते गाव, कोणाला, कोणत्या अटींवर दिले, हे त्यात कोरलेले असते. आमच्यासारख्या मैदानी प्रदेशाचा प्राचीन इतिहास मोठ्या प्रमाणावर अशा दानपत्रांतून उभा राहिला आहे; म्हणजे जमीन दिली गेली म्हणून तो लिहिला गेला. पाणी कोणी कोणाला तांब्यावर कोरून देत नाही. कोकणातही जमिनीचे ताम्रपट आहेत. दाभोळच्या खाडीला मिळणाऱ्या कोटजाई नदीकाठी पन्हाळेकाजी येथे २९ लेण्यांचा समूह आहे, बौद्धांपासून नाथपंथापर्यंत अनेक शतकांची साधना तेथे दगडात उमटली आहे. त्याच परिसरात शिलाहार राजपुत्र विक्रमादित्याचा ११३९ चा ताम्रपट मिळाला. पण त्या लेण्यांपर्यंत माणसे कोणत्या वाटेने पोहोचत होती, भरतीच्या किती वेळा गाठून पोहोचत होती, हे कोणत्याही ताम्रपटात असण्याचे कारण नाही. भरतीची वाट वापरणाऱ्यांनी ती लिहून ठेवली नाही, कारण ती त्यांना पाठ होती.

मग ती लिहिली कोणी? पाण्यावरून आलेल्या परक्यांनी. या मुद्द्यापाशी आमचा आतापर्यंतचा सुखद नौकाविहार काहीसा अवघड होतो.

मार्च १५०८ मध्ये चौलजवळच्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मैदा याचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. सूडासाठी दीवकडे निघालेल्या आल्मैदाने त्याच वर्षीच्या डिसेंबरअखेर दाभोळ गाठले. चौलच्या लढाईशी दाभोळचा संबंध नव्हता. ते वाटेत होते आणि श्रीमंत होते. गाव लुटले, जाळले, माणसे सरसकट कापली गेली. या संहाराची आठवण पुढे किनाऱ्यावर शापवाणीसारखी वापरली जाई, असे पोर्तुगीज इतिवृत्तांतच आले आहे. आल्मैदा पुढे गेला आणि फेब्रुवारी १५०९ मध्ये दीवची लढाई जिंकला. पाठ्यपुस्तकांत दीवची लढाई असते, दाभोळ नसते. काही वर्षांनी दुआर्ते बार्बोझा याने किनाऱ्याचे वर्णन लिहिले, तेव्हा दाभोळ पुन्हा उभे राहिले होते; मक्का, एडन, होर्मुझ येथील जहाजे घोडे घेऊन पुन्हा येऊ लागली होती. गाव जळाले तरी भरती येतच होती आणि वाट तशीच होती, त्यामुळे बंदर परतले.

यानंतरचा माणूस आम्हांला सर्वांत अधिक अस्वस्थ करणारा वाटतो. दों जुआंव द कास्त्रो हा विद्वान होता. सूर्याची उंची मोजणारा, चुंबकसूचीचे विचलन नोंदवणारा, गणिती पेद्रो नुनेशच्या उपकरणांनी प्रयोग करणारा. १५३८-३९ मध्ये गोव्याहून दीवला गेलेल्या आरमाराबरोबर तो होता आणि त्या प्रवासात त्याने किनाऱ्यावरच्या नदीमुखांचे, बंदरांचे तपशीलवार वर्णन केले. त्या ग्रंथाला चित्रे जोडलेली आहेत, त्यांत दाभोळच्या नदीचेही चित्र आहे. डोंगर, वस्ती, नदीचे मुख, आत शिरण्याची वाट. दाभोळच्या इतक्या जुन्या आणि इतक्या बारकाईच्या चित्रदर्शनासाठी त्याचे आभारच मानावे लागतात. हाच कास्त्रो १५४५ मध्ये पोर्तुगीज हिंदुस्थानचा गव्हर्नर झाला. १५४६ मध्ये दीवचा वेढा उठवल्यानंतर त्याने आदिलशाहीच्या किनाऱ्याकडे मोर्चा वळवला आणि १५४७ मध्ये दाभोळ पुन्हा जाळले गेले.

नकाशा आधी, आग नंतर. दोन्हींमध्ये एक दशकही गेले नाही आणि दोन्हींमागे एकच मनुष्य आहे. कास्त्रोने नकाशा काढला तो गाव जाळण्यासाठीच, असे आम्ही म्हणणार नाही. त्याच्या जिज्ञासेच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. आमचे म्हणणे इतकेच की ज्या खडतर प्रयत्नाने त्याने वाळूचे दांडे आणि खोल पाण्याची वाट टिपली, ती वाट गावाचे संरक्षणही होती. परक्या जहाजाला वाट ठाऊक नसणे हा दाभोळचा एक तट होता. वर्णनाने तो तट पाडला. प्रवासवर्णन, भूगोल, स्थलवर्णन हे वाङ्मयप्रकार शिकवताना आपण त्यांच्या सूक्ष्म निरीक्षणाची वाखाणणी करतो. ते निरीक्षण कोठे बसून केले गेले आणि ज्यांचे केले गेले त्यांना ते किती महागात पडले, हाही प्रश्न अभ्यासक्रमात असावयास हवा, असे दाभोळच्या खाडीत बसून वाटले. आम्हीही त्या क्षणी होडीतच बसलो होतो; गावाकडे पाहत होतो, टिपणे काढीत होतो.

काठावर मघाशी दिसलेला घुमट याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखवतो. ही आदिलशाही मशीद अंडा मशीद, शाही मशीद अशा नावांनी ओळखली जाते. बांधकाम १६५९-६० च्या सुमाराचे मानले जाते. परंपरा सांगते की विजापूरची एक राजकन्या हजला जाण्यासाठी दाभोळला आली, समुद्र सुरक्षित नसल्यामुळे तिला पुढे जाता आले नाही, आणि प्रवासासाठी आणलेले धन तिने या मशिदीसाठी खर्च केले. दंतकथेचा शब्दन्‌शब्द खरा मानण्याची गरज नाही. परंतु गावाच्या स्मृतीने आपली सर्वांत देखणी वास्तू कशाशी जोडली, हे पाहण्यासारखे आहे. ती विजयाशी जोडलेली नाही, न सुटलेल्या जहाजाशी जोडलेली आहे. समुद्राची वाट बंद झाली तेव्हा गावाला ही वास्तू मिळाली, असे दाभोळ स्वतःविषयी सांगते. गावातच चंडिकादेवीचे गुहेतले स्थान आहे. ते डोंगराच्या पोटात, अंधारात, समईच्या उजेडात. एकाच गावाची ही दोन तीर्थे, एक पाण्याकडे तोंड करून उभे आणि एक जमिनीत शिरलेले. किनाऱ्यावरच्या गावाला दोन्ही लागतात.

ज्या काळात ती मशीद बांधली जात होती, त्याच काळात अफझलखानाचा वध झाला. खानाची गलबते दाभोळला होती; ती घेऊन तेथला अधिकारी राजापूरला निघून गेला आणि जानेवारी १६६० मध्ये मराठ्यांची फौज त्या गलबतांच्या मागावर राजापुरात पोहोचली. इंग्रजांच्या वखारीचा आणि शिवाजी महाराजांचा पहिला खटका या प्रसंगातून उडाला. आमच्या पिढीने अफझलखानवधाचे वर्णन शंभर वेळा ऐकले. ते नेहमी प्रतापगडाच्या पायथ्याशी संपले. खानाला गलबते होती आणि त्या गलबतांना दाभोळ नावाचा धक्का होता, हे आमच्या कानांवर क्वचितच आले. अंजनवेलच्या किल्ल्याचेही तसेच. १७४५ मध्ये तुळाजी आंग्रे याने तो सिद्दीकडून घेतला आणि त्याचे नाव गोपाळगड ठेवले. वर खाडीच्या टोकाचा गोवळकोट हा गोविंदगड झाला. नकाशावर ही दोन नावे एकत्र पाहिली की कळते, तुळाजीने दोन किल्ले जिंकले यापेक्षा एका पाणवाटेची दोन्ही कुलपे हस्तगत केली, असे म्हणणे अधिक योग्य. जमिनीवरून जाणाऱ्याला हे किल्ले एकमेकांपासून दूर आणि असंबद्ध वाटतात. होडीतून ते एकाच वाक्याचे आरंभ आणि शेवट वाटतात.

दुपारपर्यंत आम्ही बरेच आत आलो होतो. दोन्ही काठांवर तिवरांची झाडी, चिखलाच्या उतरणीवर पडून राहिलेली एक मगर, आणि पुढे उत्तरेकडून येऊन मिळणारी जगबुडी. खेड शहर या जगबुडीवर आहे. एकेकाळी दाभोळ व हर्णैहून लहान गलबते खेडपर्यंत जात. याच नदीकाठचे तुंबाड श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' (१९८७) या कादंबरीमुळे मराठी वाचकाच्या परिचयाचे झाले. आमच्या विद्यार्थ्यांनी जगबुडी पाहिलेली नसते, तरी तिचे नाव त्यांच्या ओळखीचे असते, हे सामर्थ्य कादंबरीचे. तथापि कादंबरीच्या शीर्षकात 'खोत' आहे. खोत म्हणजे गावाच्या वसुलाचा, म्हणजे जमिनीचा धनी. भरतीची वाट पाठ असलेला तांडेल मराठी कादंबरीच्या शीर्षकापर्यंत क्वचित पोहोचला. दानपत्र, बखर, महसुली दप्तर आणि कादंबरी यांत एक नाते आहे. ही सारी जमिनीच्या बाजूची कागदपत्रे आहेत.

आणि नावांचा एक विचित्र खेळ दाभोळच्या नशिबी अगदी अलीकडे आला. १९९०च्या दशकात 'दाभोळ' हा शब्द जगभरच्या वृत्तपत्रांत झळकला, तो एन्रॉनच्या दाभोळ पॉवर कंपनीमुळे. डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदीचा करार झाला, १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला, २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला आणि त्याच वर्षअखेर मूळ कंपनी दिवाळखोरीत गेली. २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर या कंपनीने तो ताब्यात घेतला. परंतु तो प्रकल्प दाभोळमध्ये नव्हताच. तो खाडीच्या पलीकडे, अंजनवेल-वेलदूरच्या बाजूस, गुहागर तालुक्यात आहे. नाव मात्र उत्तर तीराचे उचलले गेले, बहुधा नकाशावर ते आधीपासून मोठ्या अक्षरांत होते म्हणून. सोळाव्या शतकात नकाशाने दाभोळची वाट परक्यांच्या हाती दिली. विसाव्या शतकात त्याने त्याचे नाव दिले.

खाडीचे पाणीही आता पूर्वीचे राहिलेले नाही. कोयनेचे पाणी खरे तर कृष्णेबरोबर पूर्वेकडे, बंगालच्या उपसागराकडे जावयाचे. १९६०च्या दशकापासून पोफळीच्या वीजगृहातून ते पश्चिमेला वाशिष्ठीत सोडले जाते. आमच्या पैनगंगेसारखेच पूर्वसमुद्राचे प्राक्तन असलेले पाणी येथे दाभोळच्या मुखातून अरबी समुद्राला मिळते, ही गोष्ट आम्हां वैदर्भीयांना जिव्हाळ्याची वाटली. काठच्या मच्छीमारांची तक्रार मात्र वेगळ्या पाण्याविषयी आहे. औद्योगिक सांडपाण्यामुळे खाडीतली मासळी मरते, असे ते वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. आणि २२ जुलै २०२१ रोजी अतिवृष्टीचे पाणी वरून उतरत असताना खालून भरती चढत होती, तेव्हा चिपळूण बुडाले. जी भरती घोडे, कापड आणि माणसे वर नेत होती, तीच त्या दिवशी पुराला बाहेर पडू देत नव्हती. या काठावर तिथी पाहणे ही जुन्या लोकांची सवय म्हणून सोडून देता येत नाही; ते अजूनही जीवनमरणाचे ज्ञान आहे.

तीन वाजून गेले. पाणी काही काळ स्थिर राहिले, मग तिवरांच्या मुळांवर ओली रेघ दिसू लागली. नावाड्यांनी होडी वळवली आणि ओहोटीने आम्हांला खाली आणले. उतरताना कोणीतरी टिपणवही काढून दाभोळविषयी आणखी दोन प्रश्न विचारले. त्यांनी उत्तरे दिली आणि मग सहज विचारले, तुम्ही हे कोठे लिहिणार? आम्ही सांगितले. त्यावर ते काही बोलले नाहीत. होडी बांधण्यात गुंतले.

तो प्रश्न आम्ही परत आणला आहे. दाभोळवर लिहिणारे आम्ही पहिले नाही, आणि आमच्या आधी पाण्यावरून येऊन लिहून गेलेल्यांचा अनुभव त्या गावाला चांगला आलेला नाही. आम्हांपाशी आरमार नाही, एवढ्याने आमचे पाहणे आपोआप निरुपद्रवी ठरत नाही. गावाला पुन्हा एकदा 'गतवैभवाचे अवशेष' एवढ्या दोन शब्दांत गुंडाळून टाकणे हाही एक उपद्रवच आहे. म्हणून या वर्षी वाङ्मयेतिहासाच्या तासाला 'ओघ' हा शब्द आला की आम्ही थांबतो आणि फळ्यावर तिथीचे पाऊणपटीचे गणित मांडतो. समुद्रापासून इतक्या दूर बसलेली मुले आधी हसतात. मग एखादी वही उघडून त्या दिवशीची तिथी गुणू लागते आणि दाभोळच्या धक्क्याला या क्षणी पाणी चढते आहे की उतरते आहे, ते सांगते.